दोऱ्यावरची मापं

ते १९३५ साल. त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रमिला लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी, मेहरूणला गेली आणि आठ दिवसांनी पारोळ्याला परतली तेव्हा बैलांच्या दमणीत तिच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेलं हाताचं शिवणाचं मशीन होतं. एरंडोलजवळ उतारात दमणीला हिसका बसला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी मशीन धरलं. डोक्यावरचा पदर सुटला तो सुटलाच.

मशीन तिच्या आईचं. आई गेली तेव्हा प्रमिला नऊ वर्षांची होती. बोटात सुई जाईल म्हणून वडिलांनी पोरीला कधी मशीनवर बसू दिलं नाही. दर शनिवारी पुसायचं आणि तेलाचे दोन थेंब सोडायचे, एवढीच परवानगी होती, आणि ते काम तिने नऊ वर्षं पूजेसारखं केलं. मशीनमधला प्रत्येक स्क्रू तिला ठाऊक होता. शिवता मात्र येत नव्हतं. आता गोची अशी की, मशीन घेऊन आलेल्या सुनेला शिवता येत नसेल, अशी शंका पारोळ्यात कोणाला येण्याचं कारणच नव्हतं. आणि प्रमिलानेही ती कोणाला येऊ दिली नाही. वडिलांनी निरोप देताना सांगितलं होतं, "सासरी अडचण वाटली तर परत पाठव. एक गिऱ्हाईक केव्हाचं मागतंय." म्हणजे परत गेलं की विकलं गेलं.

ओट्यावर सासरे बसले होते. लोटन नाना तरुणपणी कुस्त्या खेळलेले. साठी आली तरी बसताना मांडीवर थाप मारूनच बसत. त्यांनी फडक्याकडे पाहिलं.

"हाई काय शे?"

प्रमिला सासऱ्यापुढे बोलत नसे. उत्तर दिलं ते आखाजीला धुळ्याहून आलेल्या आणि अजून न गेलेल्या नणंदेने, भिकुबाईंनी.

"मशीन दिसतंय, नाना. काय रे अभिमन, तू बायको केली होतीस की दर्जीण?"

अभिमन म्हणजे प्रमिलाचा नवरा. कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि आठवड्यातून दोनदा मोटारीने धुळ्याला जायचा. बहिणीपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. तो दमणीचे बैल सोडायला गेला.

सासूबाई, भागाबाई, व्यवहाराच्या. त्यांच्या घरचं शिवण अय्युबमास्तर करत. सणाआधी चार दिवस ते ओट्यावर मशीन मांडून बसत आणि त्या चार दिवसांत सोळा वेळा चहा होई. भागाबाईंनी मनात काही तरी जुळवलं आणि म्हणाल्या, "येती आखाजीलोंग घरातलं बठ्ठं शिवण हीच करी. अय्युबभाईंना यंदा सुट्टी."

"आणि नाही जमलं तर?" भिकुबाईंचे डोळे चमकले. "असं करू, आई. गाव तीनदा हसलं, की मशीन मेहरूणला परत. पण शिवलेलं पेटीत दडवायचं नाही हं! अंगात घालून चारचौघांत जायचं."

पैज म्हटली की नानांच्या अंगात जुना पैलवान उठे. त्यांनी मांडीवर थाप मारली. "कबूल!"

पदराआड प्रमिलाने मान हलवली. ती मान तिने घाबरून हलवली होती, पण सगळ्यांनी तो होकार धरला.

पहिलं काम उशीचा अभ्रा. चारी बाजूंनी टीप इतकी सरळ आली की भागाबाईंनी कौतुकाने तो उजेडात धरला, उलटून पाहिला, पुन्हा उलटला.

"उशी कोठून घालशी, माय?"

चारी बाजू बंद होत्या. अभिमन म्हणाला, "राहू दे आई, आत पेरलं असेल. पावसानंतर उशी उगवेल." अभ्रा घराबाहेर गेला नाही, म्हणून ते हसू मोजलं नाही.

दुसरं काम त्याच अभिमनच्या अंगावर आलं, आणि अभ्र्याला हसल्याचं त्याचं त्याला मिळालं. त्याच्यासाठी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा लेंगा शिवायचा होता. प्रमिलाने एक पाय बेतला, कापला, आणि त्याच्यावरच ठेवून दुसरा तसाच्या तसा कापला. दोन्ही पाय डावे झाले. जोडताना काही तरी चुकतंय हे तिला कळत होतं, पण काय ते कळेना. अभिमन लेंगा घालून धुळ्याच्या मोटारीकडे निघाला. उजव्या पायाची शिवण फिरून नडगीवर आली होती.

"अभिमनभाऊ," मोटारीचा ड्रायव्हर ओरडला, "तुमचा डावा पाय धुळ्याला चाललाय, उजवा अंमळनेरला! तिकीट कुठलं फाडू?"

अख्खी मोटार हसली. बातमी संध्याकाळच्या आत घरी आली. भागाबाईंनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली.

त्या रेघेकडे बघत जेवताना प्रमिलाला घास गोड लागेना. अजून दोन रेघा, की आईचं मशीन कोण्या परक्याच्या घरी जाणार. मग तिने एक केलं. घरातले जुने, विटके कपडे गाठोड्यातून काढले. सगळे अय्युबमास्तरांच्या हातचे. दुपारी सगळे आडवे झाले की ती एकेक कपडा सुईच्या टोकाने उसवी. तुकडे जमिनीवर मांडी, भोवतीने कोळशाने रेघ ओढी, बाही कुठे वळते आणि खांदा कुठे उतरतो ते बघे, आणि मग पुन्हा होता तसा जोडी. पावसाळाभर तिने हेच केलं. श्रावणात जोडलेले कपडे उसवण्याआधीच्यापेक्षा बरे दिसायला लागले. मास्तरांना ठाऊकही नव्हतं की आपल्याला पारोळ्यात एक चेली आहे.

पोळ्याला तिने बैलाची झूल शिवली. बैल हिऱ्या. त्याच्यासमोर पदर घ्यावा लागत नव्हता, त्यामुळे प्रमिलाने त्याचं माप स्वतः घेतलं. पाठीवरून, पोटाखालून, मानेपासून शेपटीपर्यंत. हिऱ्या रवंथ करत उभा राहिला. लाल झूल, कडेला पिवळी झालर, मधोमध आरशाचे चार तुकडे. गावातून मिरवताना लोक थांबून विचारत होते, कोणी शिवली म्हणून.

नाना मिरवणुकीतून परतले ते रुसूनच.

"बैलले शिवस, मंग माले कसाले नही?"

झालं. दिवाळीला नानांचा सदरा शिवायचं ठरलं.

आता सून सासऱ्यासमोर उभी राहणार नाही, मग माप घेणार कशी? तोड अशी निघाली की भागाबाईंनी दोरा घेऊन मागे उभं राहायचं, छातीभोवती फिरवायचा, गाठ मारायची. गळ्याची एक गाठ, बाहीची एक गाठ, आणि तो दोरा आत सुनेच्या हाती द्यायचा. लग्नानंतरच्या नऊ महिन्यांत प्रमिलाने सासऱ्याचे पाय पाहिले होते, पगडी पाहिली होती. मधला माणूस तिच्या लेखी फक्त आवाज होता. त्या आवाजाला शोभेलसाच दोरा हातात आला. ती चकित झाली; उसवलेले सदरे याहून लहान होते. पण ते जुने, आणि दोऱ्याशी वाद कोण घालणार? तिने गाठीबरहुकूम कापड कापलं.

सदरा इतका सुबक शिवला होता की सांगता सोय नाही. टीप सरळ, गळा गोल, बाह्या दोन्ही बाजूंच्या. पण आत अडीच माणसं मावली असती. खांदे कोपराकडे उतरले, घेर गुडघ्यांशी झुलू लागला. पैजेचा नियम म्हणून नाना तो घालून रविवारच्या बाजारात गेले. भाजीवाल्या धुरपदाबाईने वांगी तोलता तोलता हात थांबवला.

"नाना, सदरामा आजून कोन शे?"

बाजार हसला. मिरच्यांवाले हसले, तेलवाले हसले, एक अनोळखी बैलगाडीवाला गाडी थांबवून हसला. नाना वांगी न घेता परतले आणि भिंतीवर दुसरी रेघ आली. त्या दिवशी प्रमिलाने मशीनवर फडकं टाकलं आणि आत जाऊन दळणाला बसली. पीठ किती पडतंय याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

बाजारातलं हसू अय्युबमास्तरांच्या दुकानापर्यंत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, ओट्यावर टेकले.

"भागाअक्का, सुट्टी दिली, ठीक. पण चहा तर बंद नाही ना केला?"

"बसा, अय्युबभाई. आता मशीन परत जायचंच दिसतंय. तुमचं काम तुम्हाला आलं."

"तो सदरा दाखवा जरा."

भागाबाईंनी आणून दिला. मास्तरांनी तो उलटा केला, शिवणी बोटांनी चाचपल्या, बाहीचा जोड डोळ्यांजवळ नेला. मग दुसऱ्या बाहीचाही. त्या बाहीत त्यांना स्वतःचाच हात दिसला असावा.

"अक्का, ही टीप कुठे शिकली तुमची सून?"

दाराआडून बारीक आवाज आला. "तुमचे जुने सदरे उसवून."

मास्तर हसायला लागले ते थांबेचनात. बायको रईसाला जाऊन सांगतो म्हणाले, तिचं म्हणणं की माझ्याकडे कोणी शिकायलाच येत नाही. मग डोळे पुसून त्यांनी दाराकडे तोंड केलं.

"ऐक बेटी. कापायला शिकलीस, शिवायला शिकलीस. माणूस मापायचा राहिला. तीस सालांपासून नानांचे सदरे शिवतोय मी. दोरा छातीला लागला की नाना श्वास धरून अशी छाती फुगवतात, जशी समोर कुस्तीच उभी आहे. मी दर खेपेला दोरा घेतो, 'वा नाना' म्हणतो, आणि चार बोटं कमी कापतो."

"पण मला ते दिसतच नाहीत, चाचा."

"पाठमोरे तर दिसतात? बस. पाठीला श्वास धरता येत नाही."

तो चहा पिऊन मास्तर गेले. स्वतःचं गेलेलं गिऱ्हाईक परत मिळत असताना त्यांनी हे का सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा स्वतःच्या हाताची बाही शिवणारं मशीन परक्या घरी विकलं जाऊ नये, असं वाटलं असेल.

प्रमिलाने दोन दिवस सासऱ्यांची पाठ पाहिली. आंघोळीला जाताना, तुळशीला पाणी घालताना, गोठ्यात वाकताना. खूप लहान, उतरत्या खांद्यांची पाठ होती ती. तिने सदरा उसवून पुन्हा बेतला. नानांनी तो घातला, आरशात पाहिलं. चार दिवस अंगातून काढला नाही. पाचव्या दिवशी भागाबाईंनी ओढून धुतला.

"आत्याबाई," प्रमिलाने सासूबाईंना हळूच विचारलं, "माप घेताना ते छाती फुगवतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"छत्तीस वरसं नांदतेय मी त्या छातीसंगं. माले नही कळाव?"

"मग सांगितलं का नाही?"

भागाबाईंनी सुपातले खडे निवडत म्हटलं, "माले कोणी सांगेल व्हतं?"

संक्रांत झाली, होळी झाली. प्रमिलाने गल्लीतल्या सगळ्या बाळांना कुंच्या शिवल्या, अभिमनला दोन वेगवेगळ्या पायांचा लेंगा शिवला, घरादाराला गोधड्या घातल्या. भिंतीवर दोनच रेघा राहिल्या. आणि मग चैत्रात, आखाजीला महिनाभर उरला असताना, धुळ्याहून अभिमनबरोबर भिकुबाईंचं पुडकं आलं. आत जांभळ्या खणाचं कापड आणि गाठी मारलेला दोरा. निरोप असा: आखाजीला चोळी वहिनीच्या हातची घालीन, झोक्याशी, सगळ्यांसमोर.

प्रमिलाने दोरा हातभर ताणून पाहिला. फार बारीक बाईचा दोरा होता. गेल्या आखाजीला पाहिलेली भिकुबाई त्याहून जरा भरलेली होती, आणि तेव्हापासून वर्ष झालेलं. बाप छाती फुगवतो. लेक काय करत असेल? की दोरा लग्नातलाच ठेवलेला काढून दिला? आणि खण एकच. चुकला तर दुसरा कुठून आणणार?

"भिकुताई कशा दिसत होत्या?" तिने नवऱ्याला विचारलं.

"भिकुसारखी."

"म्हणजे जाड, बारीक?"

"मी काय तिला तोलायला गेलो होतो का? चांगली होती. मला घेऊन सोनाराकडे गेली. सोनाराने काय चहा पाजला म्हणून सांगू! वेलदोडा घातलेला."

"सोनाराकडे कशाला?"

"दंडातल्या वाक्या मोठ्या करायला टाकल्यात ना तिने. त्या सोनाराकडे एकदा तुला घेऊन जाईन."

प्रमिलाला चहाचं पुढचं काही ऐकू गेलं नाही. वाक्या मोठ्या होताहेत, म्हणजे दंड मोठे झाले. दंड झाले, म्हणजे बाकीचीही झालीच.

पण किती, ते कळायला भिकुबाई ना समोरून दिसत होत्या, ना पाठमोऱ्या. आणि अंदाज चुकून चोळी ढगळ झाली तर झोक्याभोवती तेही हसूच. शेवटी तिने खण मोठा कापला. अंदाजाच्या मापावर पक्की शिवण घातली आणि त्याच्या आत, दोऱ्याच्या मापावर, कापड मुडपून हाताने कच्चा टाका घातला. वरून पाहणाऱ्याला चोळी दोऱ्याबरहुकूम होती. गरज पडली तर एक दोरा ओढायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच मेहरूणहून भाऊ मगन दमणी घेऊन बहिणीला न्यायला आला. नानांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. तो बिचारा दर घटकेला विचारत होता, "बहिणीबरोबर मशीनपण घ्यायचंय का? म्हणजे गवत तसं पसरतो." अंगणात निंबाला झोका बांधला होता. गल्लीभरच्या माहेरवाशिणी, पोरीबाळी गोळा झाल्या होत्या. तेवढ्यात धुळ्याच्या मोटारीतून भिकुबाई उतरल्या, आणि त्यांना पाहताच प्रमिलाचा जीव थोडा भांड्यात पडला. अंदाज बरोबर होता. उलट एक बोट कमीच पडतो की काय, असं वाटलं.

"आण गं वहिनी माझी चोळी!" भिकुबाई अंगणातूनच गरजल्या. "बायांनो, कुठे जाऊ नका. तिसरी रेघ बघूनच जा."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. भिकुबाईंनी चोळी चढवली. बाह्या दंडावर अडल्या. गाठ मारायच्या दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. त्यांनी श्वास आत घेतला, पोट घेतलं, खांदे घेतले. अंतर तेवढंच. बाहेर झोक्याची गाणी थांबली होती. सगळ्या वाट पाहत होत्या.

भिकुबाईंचं तोंड उतरलं. तशाच बाहेर जाऊन चोळी बसत नाही म्हणावं, तर कोणी तरी तो दोरा आणणार आणि त्यांच्याच अंगाभोवती फिरवून बघणार. हे त्यांना आत्ता सुचलं होतं.

"हात वर करा, नणंदबाई," प्रमिला म्हणाली. तिने एका बगलेतला दोरा सर्रकन ओढला, मग दुसऱ्या. बाह्यांचेही ओढले. मुडपलेलं कापड सुटलं. टोकं जुळली आणि गाठ बसली, जरा ताठ, पण बसली.

भिकुबाईंनी बगलेतलं सुटलेलं कापड चाचपलं.

"तुला कोणी सांगितलं? अभिमनने? थांब, त्याला..."

"त्यांना अजून काही कळलेलं नाही. ते फक्त सोनाराचा चहा सांगत होते."

"वाक्या!" भिकुबाईंनी कपाळावर हात मारला. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "बाहेर सांगशील?"

"मी? ओट्यावर नाना बसलेत. मला तोंड उघडायची तरी सोय आहे का?"

आणि भिकुबाई हसल्या. इतक्या मोठ्याने की झोक्यावरची पोर दचकली. बाहेरून भागाबाई ओरडल्या, "काय व्हयनं? हे हसू मोजू का?"

भिकुबाई पदर सावरत अंगणात आल्या, गोल फिरल्या. "मोजू नको. दोऱ्यावर बरोबर बसली, आई. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही."

बाया पुढे सरकल्या, खण चाचपला, गाठ पाहिली. कोणी हसलं नाही. भागाबाई तेवढ्या लेकीकडे नखशिखांत बघत राहिल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तो दोरा आण बरं इकडं."

भिकुबाईंचा चेहरा खणासारखा जांभळा झाला. प्रमिलाने दोरा आणून दिला, काय करणार? भागाबाईंनी तो बोटावर गुंडाळला, लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि आत जाऊन चुलीत टाकला. परत आल्या त्या हात झटकत.

"चोळी झाली. आता दोरा काय करना?"

ओट्यावरून मांडीवर थाप पडल्याचा आवाज आला. "मगन, पोरले लई जा. मशीन आठेच राही."

मगन म्हणाला, बरं झालं, गवत तसंही कमी होतं.

प्रमिला त्या वेळी मेहरूणला आठ दिवस राहणार होती. पाचव्याच दिवशी परत आली. मशीनला तेल घालायचा शनिवार चुकू नये म्हणून, असं तिने सांगितलं.

नाना त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटच्या आजारात धुळ्याचा डॉक्टर छाती तपासायला आला, तेव्हा त्याला म्हणाले, "मोठा श्वास घेऊ का?" आणि विचारण्याआधीच घेतला होता. भागाबाईंची नजर १९४१-४२ च्या सुमाराला गेली. तरी सुईत दोरा कोण लवकर ओवतं यावर त्या नातींशी पैज लावत आणि कधी कधी जिंकत. शिवणाबद्दल अय्युबमास्तरांना दरसाल मिळणारं धान्य भागाबाईंनी बंद केलं नाही. कोट आणि मुंजी-लग्नाचे कपडे त्यांच्याकडेच राहिले, आणि प्रमिलाच्या सगळ्या सदऱ्यांची काजं रईसा करून देई, कारण काज काही प्रमिलाला जन्मात जमलं नाही. मास्तर १९४६ मध्ये गेले. मुलाने धुळ्यात दुकान घातलं. अभिमन बेचाळीसच्या चळवळीत पाच महिने तुरुंगात होता. तिथून आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं तिथल्या चहाबद्दल होती. सुटल्यावर त्याने पुन्हा कापसाचंच काम धरलं. मगनने मेहरूणला केळीचा मळा केला आणि त्यात बरं चाललं. भिकुबाईंनी पुढे धुळ्यात स्वतःचं मशीन घेतलं, शिवायला बसल्या, आठ दिवसांत उठल्या, आणि ते लेकीला देऊन टाकलं.

प्रमिला वडील होते तोवर, म्हणजे १९४४ पर्यंत, दर आखाजीला मेहरूणला जात राहिली. नंतरही मगन दमणी पाठवायचा. पण सणाआधीच्या आठवड्यात गल्लीतल्या दहा घरच्या चोळ्या तिच्या पाटावर येऊन पडलेल्या असत, प्रत्येकीला ती आखाजीच्या आधीच हवी असे, आणि दमणी मग नुसताच निरोप आणि डब्यातल्या सांजोऱ्या घेऊन परत जाई.